चार रंगांचा दावा

त्र्यंबक मास्तरांना खुर्चीवर बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. बीडच्या सरकारी शाळेत आम्हा प्रत्येक मास्तराला एकेक वेताची खुर्ची होती, आणि वापरून वापरून आमच्या सगळ्यांच्या खुर्च्यांना खड्डे पडले होते. मास्तरांची तेवढी कोरी करकरीत. तिच्यावर ते टोपी ठेवत. स्वतः वर्गभर फिरत. फिरता फिरता भिंतीवर, बाकावर, कधी एखाद्या पोराच्या पाठीवर बोटानं त्रिकोण काढत आणि कोपऱ्यात पोचले की वळून विचारत, "दिसतंय का?"

हा प्रश्न म्हणजे त्यांची सगळी शिकवण. पुस्तकात आधी प्रमेय येतं आणि मग आकृती. मास्तर फळ्यावर नुसती आकृती काढून गप्प उभे राहत. उभे म्हणजे आपले या पायावरून त्या पायावर. एखादं पोरगं "दिसलं" म्हणालं की त्याला जवळ बोलावत आणि कान पुढं करून विचारत, "काय दिसलं?" उत्तर बरोबर असलं तर त्याला शाळेच्या अंगणात एक चक्कर मारून यायची परवानगी मिळे. दिसल्यावर माणसाला बसवत नाही, असं मास्तरांचं म्हणणं होतं. गणिताच्या तासाला अंगणात पळणारी पोरं बघून आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, कपाळाला हात लावत.

मुलूख निजामाचा, म्हणून शाळा उर्दूत. मी तिथं मराठी शिकवत होतो, म्हणजे उरलेसुरले तास माझ्या वाट्याला येत. मास्तर मला थट्टेनं 'पंडितजी' म्हणत. गणिताशी माझं लहानपणापासून वाकडं, तरी त्यांच्या वर्गाच्या दारात मी पुष्कळदा रेंगाळलो आहे, कारण तिथं करमणूक होई. उर्दू भूमितीत समांतर रेषांना 'मुतवाजी खत' म्हणत. खेड्यापाड्यांतून आलेल्या आमच्या पोरांना त्यात मूत आणि खत एवढंच ऐकू येई आणि वर्ग फुटे. दुसरे मास्तर अशा वेळी छडी उगारत. त्र्यंबक मास्तर म्हणत, "हसून घ्या बे. दोन्ही बी शेताला लागतंच." मग हसणं ओसरेपर्यंत एक फेरी मारून येत.

प्रमेयाला त्या भाषेत 'दावा', सिद्धतेला 'सबूत', आणि सिद्ध झालं की 'साबित'. यातला शेवटचा शब्द मास्तरांच्या तोंडी कधी बसला नाही. ते केज तालुक्यातल्या एका खेड्यातले. सुपारी साबूत, मडकं साबूत, हे ऐकत वाढलेले. ते 'साबित'ला 'साबूत' म्हणत. हेडमास्तर दारातून ओरडत, "मास्टरसाब, साबित कहिए, साबित!" मास्तर अदबीनं मान लववून म्हणत, "जी, साबूत."

मला भाषेचा मास्तर म्हणून हे टोचे. एकदा मी म्हणालो, "अहो, साबित म्हणजे सिद्ध झालेलं. साबूत म्हणजे न फुटलेलं. दोन्ही एक कसं?"

ते चालता चालता थांबले. "मग तेच की, पंडितजी. मडकं घेताना आपण वाजवून बघतो का न्हाई? कुठं तडा न्हाई, मग ते साबूत. दावा बी तसाच वाजवून बघायचा. तडा गेलेला दावा घरात ठिवून काय करता?"

मला ते पटलं होतं असं नाही. पण पुढं बाजारात मडकं वाजवून घेताना ते बोलणं आठवे.

हे शब्द शाळेबाहेर गेले आणि तिथून मास्तरांच्या मागं ते लचांड लागलं. बाजाराच्या दिवशी चौसाळ्याचा लिंबाजी नावाचा शेतकरी थेट शाळेत आला. त्याचा पुतण्या मास्तरांच्या वर्गात होता. पोरानं घरी सांगितलं होतं की आमचे मास्तर रोज एक दावा साबित करतात आणि आजवर एकही हरलेले नाहीत. लिंबाजीचा शेजाऱ्याशी बांधावरून कज्जा चालू होता आणि कोर्टातला दावा काही हलत नव्हता. त्यानं व्हरांड्यातच मास्तरांचे पाय धरले.

"मास्तर, वकील लई झाले. आता तुमी घ्या माझा दावा. पोरगं म्हणतंय, तुमच्या हातून एक बी गेला न्हाई."

आम्ही सगळे मास्तर पोट धरून हसलो. त्र्यंबक मास्तरांना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "कावून हसायलाव?" ते आमच्यावर खेकसले. "माणूस बरोबर जागी आलाय. दावा हाय, सबूत पायजे." मग लिंबाजीला उठवून विचारलं, "शिवाराचा नकाशा हाय का?"

नकाशा होता. पटवाऱ्याकडून उतरवून आणलेला, नुसत्या रेघांचा. कुठलं शेत कुठं संपतं ते कळेना म्हणून मास्तरांनी घरी नेऊन तो रंगवायला घेतला. अट एवढीच की बांधाला बांध लागलेल्या दोन शेतांना एक रंग यायचा नाही. घरात रंग कुठले? देवघरातलं कुंकू, डब्यातली हळद आणि कपड्यांची नीळ. एका ठिकाणी तिन्ही अडले, तेव्हा चुलीतली राख घेतली. आता पाचवाही लागेल म्हणून गेरू भिजवून ठेवला. नकाशा भरून झाला आणि गेरू वाटीत तसाच वाळला.

रंगवलेल्या नकाशात सरळ असलेला बांध शेतावर वाकडा दिसला, म्हणून लिंबाजीच्या आग्रहापायी मास्तर साक्षीलाही गेले. मी बरोबर होतो. समोरच्या वकिलानं विचारलं, बांध सरकवताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का?

"पाहिलं नाही," मास्तर म्हणाले. "पण नकाशा बघितला की दिसतं."

"देखा नहीं, मगर दिखता है?" वकील कोर्टाकडं वळून म्हणाला. सगळे खदखदले. मुन्सिफ, म्हणजे न्यायाधीश, तेही हसले. पण माणूस चांगला असावा, त्यांनी शेताची मोजणी करायचा हुकूम दिला. मोजणीत बांध सरकलेला निघाला आणि लिंबाजीनं शाळेला पाटीभर शेंगा आणून दिल्या.

आम्ही शेंगा खात होतो आणि मास्तर अंगणात येरझारा घालत होते. मी विचारलं, आता काय बिघडलं?

"कोर्टात डोळ्यानं बघितलं की सबूत पुरा," ते म्हणाले. "अन् माझ्या वर्गात डोळ्यानं बघितलेलं सबूतच न्हाई. शब्द एकच. मग खरं कोण, पंडितजी?" मी शेंग फोडत राहिलो. त्यांनी आणखी एक फेरी मारली आणि जवळ येऊन हळूच सांगितलं, "लिंबाजीचं सोडा. तो गेरू कावून लागला न्हाई? दुसरे लई नकाशे रंगवून बघितले. कुठं बी लागत न्हाई. कसला बी नकाशा आना, चार रंगांत भागतंय. मला दिसतंय."

"दिसतंय तर झालं की."

"साबूत न्हाई ना!" ते जवळजवळ ओरडले.

त्या दिवसापासून माणूस ठिकाणावर राहिला नाही. धोतराला कायम हळदकुंकवाचे डाग, बोटं निळीनं निळी. घास तोंडाशी नेऊन थांबत आणि ताटातल्या भाकरीचे तुकडे एकमेकांना लावून शिवार मांडत. राधावहिनी, त्यांच्या पत्नी, वैतागून जात. वहिनी हैदराबादच्या. घरात मराठीच, पण शहराची दख्खनी बोली तोंडात मुरलेली. नको म्हणायचं तर 'नक्को' म्हणत. बीडला आल्यापासून त्यांचा जीव तिकडं लागलेला. नळाचं पाणी, चारमिनाराजवळचा बांगड्यांचा बाजार, माहेरच्या गच्चीवरून दिसणारे पतंग, हे सांगताना त्यांचा आवाज बदले. आम्हाला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"भावजी, देवाचं कुंकू संपलंय," त्या मला म्हणत. "सगळं चौसाळ्याच्या शेताला लावलं ह्यांनी. आता मी काय लावू?"

तेलगावच्या बाजारातला प्रसंग तर जिवावरचा होता. मी आणि मास्तर बाजारात फिरत होतो. बोलता बोलता मास्तर बाजूला नाहीत असं लक्षात आलं. बघतो तर एका लमाण बाईच्या मागं मागं, मान पुढं काढून चाललेले. तिच्या पाठीवरची ओढणी ठिगळाठिगळांची, रंगीबेरंगी, आरसे लावलेली. मास्तर बोटानं हवेत काहीतरी जुळवत होते. बाईचा नवरा काठी घेऊन आला. मास्तरांनी खुलासा केला, "पाचवा रंग लागतो का बघायलोय!" त्यानं तो माणूस आणखी भडकला. मी मध्ये पडलो, हे शाळेचे मास्तर आहेत, डोकं जरा फिरलेलं आहे, पण माणूस गाईसारखा आहे, असं काकुळतीला येऊन सांगितलं. शेवटी ती बाईच हसली. तशीच ठिगळांची एक झोळी तिच्या काखेत होती, ती तिनं मास्तरांपुढं धरली. "बघ बाबा, काय बघायचं ते." मास्तर भर बाजारात उकिडवे बसून झोळी न्याहाळू लागले. रंग तिच्यात पुष्कळ होते. बऱ्याच वेळानं त्यांनी ती परत दिली आणि त्या नवऱ्याला गंभीरपणानं सांगितलं की चारांत भागलं असतं.

दसऱ्याच्या सुट्टीत एका दुपारी ते माझ्या घरी आले. आत न येता घराभोवती चालत राहिले. मी खिडकीतून डोकावलो की म्हणत, "थांबा, बोलू नका." बऱ्याच फेऱ्या झाल्यावर उंबऱ्यात येऊन टेकले आणि डोळे पुसू लागले. मी घाबरलो. ते म्हणाले, "झालं, पंडितजी. साबूत झालं." मला गणितातलं ओ का ठो कळलं नाही, पण त्यांचा आनंद बघून मीही उठून घराभोवती एक चक्कर मारली, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढं शाळातपासणी आली. या वेळी तपासनिसांबरोबर हैदराबादच्या कॉलेजातले गणिताचे एक प्रोफेसर होते, जर्मनीला शिकून आलेले. हेडमास्तरांनी जरा चेष्टेनंच त्यांना मास्तरांचा दावा सांगितला. प्रोफेसरसाहेबांच्या भुवया वर गेल्या. हा प्रश्न विलायतेतल्या मोठमोठ्या लोकांना छळतो आहे, असं ते म्हणाले, आणि मास्तरांचे कागद मागून घेऊन व्हरांड्यात वाचत बसले. ओळीखाली बोट ठेवून, एकही ओळ न सोडता. तेवढा वेळ मास्तरांनी शाळेला किती प्रदक्षिणा घातल्या कोण जाणे.

वाचून झाल्यावर त्यांनी मास्तरांना समोर बसायला सांगितलं. मास्तर उभेच राहिले. "बेदाग है," प्रोफेसरसाहेब म्हणाले. कॉलेजच्या पत्रिकेत छापू. शिवाय कॉलेजात जागा रिकामी आहे, नवी गणिताची पुस्तकं उर्दूत आणायची आहेत, असा माणूस तिथं पाहिजे. हा सबूत दाखवून मी तुमची शिफारस करतो, हुकूम निघेल. मग त्यांनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढून मोठ्या अभिमानानं सांगितलं की या अख्ख्या पुस्तकात एकही आकृती नाही.

मास्तरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "मग पोरं बघणार काय?"

"देखना नहीं है, मास्टरसाब. आँख धोका देती है." आणि त्यांनी एका रेघेची गोष्ट सांगितली. ही रेघ अखंड असते, कुठं तुटलेली नसते, पण जिथं बघाल तिथं तिला टोकच. पट्टी टेकवायला कुठंही जागा नाही. ती कागदावर काढता येत नाही, डोळ्यांपुढं आणता येत नाही, आणि तरी ती आहे, साबित आहे. तेव्हापासून तिकडच्या पंडितांनी डोळ्यांवर भरवसा ठेवणं सोडलं. दुसरा एक पंथही आहे, तो म्हणतो मनाला जे साक्षात दिसतं तेवढंच गणित, बाकीचा अक्षरांचा खेळ. दोन्हीकडचे मोठे लोक आता एकमेकांशी बोलत नाहीत.

"म्हंजे तिकडं बी बांधावरूनच भांडण," मास्तर म्हणाले. प्रोफेसरसाहेब मोठ्यानं हसले. मास्तरांचा चेहरा मात्र त्या रेघेपाशी अडकला होता. नंतर चार-दोन दिवस ते मला विचारत होते, "अशी कशी असंल हो ती?"

राधावहिनींना बातमी कळली तेव्हा मी तिथं होतो. त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या ट्रंक झाडतच. "हौ, मी म्हणतच होते, एक दिवस जाऊ," एवढंच बोलल्या आणि ट्रंक पुन्हा झाडायला लागल्या. झाडून झालेल्या ट्रंकेतली धूळ त्या दिवसभर काढत होत्या. शेजारणी येऊन जात होत्या, पोरं मास्तरांच्या पाया पडत होती. कॉलेजचा हुकूमही आला.

पत्रिकेसाठी कागद सुवाच्य करून पाठवायचे होते. शोभेला एखादा खरा नकाशा घालावा म्हणून मास्तरांनी युसूफ वडगावच्या शिवाराचा नकाशा मिळवला. भर दुपारी मी त्यांच्याकडं गेलो तर वहिनी म्हणाल्या, ते सकाळपासून बाहेर आहेत. मला ते बिंदुसरा नदीच्या कोरड्या पात्रात सापडले. उन्हात, बोडक्या डोक्यानं, या काठावरून त्या काठावर चाललेले.

"फुटलं," ते म्हणाले.

मग वाळूत काठीनं काढून दाखवलं, आणि मलासुद्धा समजेल इतकं सोपं करून सांगितलं. सगळा नकाशा रंगवला, एकच शेत उरलं आणि त्याच्या भोवती चारी रंग येऊन बसले, तर काय करायचं? भोवतीच्या एखाद्या तांबड्याला पिवळं करायचं, त्याच्या पलीकडच्या पिवळ्याला तांबडं, असं साखळीनं टोकापर्यंत बदलत जाऊन जागा मोकळी करायची. ही त्यांची युक्ती. कुठं एक साखळी पुरते, कुठं दोन लागतात. युसूफ वडगावला दोन लागल्या. एकेकटी दोन्ही बरोबर. पण पहिली बदलली की दुसरीची वाटच बदलते आणि शेवटी दोन शेजारी शेतं एका रंगाची होऊन बसतात.

"मग त्या नकाशाला पाचवा रंग लागतो?"

"न्हाई हो! चारच लागतात, दुसऱ्या वाटंनं. दावा खराच हाय. सबूत फुटका हाय."

"प्रोफेसरसाहेबांनी तर ओळ न ओळ तपासली."

"ओळी तपासल्या. नकाशा कुठं बघितला त्यांनी?" ते म्हणाले आणि पुन्हा चालायला लागले.

घरी वहिनींना सांगताना त्यांनी मला थांबवून घेतलं. एकट्यानं सांगायचं धैर्य नसावं. वहिनींनी शांतपणानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खरं आहे का नाही, चारच रंग लागतात ते?"

"खरं हाय."

"तुम्हाला दिसतंय?"

"दिसतंय."

"मग खोटं काय सांगितलं तुम्ही?"

"राधे, खोटं न्हाई गं. साबूत न्हाई."

"मोठ्या साहेबाला तडा दिसला नाही, कॉलेजाला दिसणार नाही. तिथं जाऊन जोडा की. जायचं नक्को म्हणता का तुम्ही?" त्यांचा आवाज चढला आणि एकदम फुटला. "कैकू असं करता हो?"

मास्तरांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "तडा गेलेलं मडकं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर द्यायचं, अन् वाटंत फुटू नये म्हणून देवाला हात जोडायचं? मला न्हाई जमणार." ते बाहेर पडले ते तारघरात गेले. तारेत काय लिहायचं यावरून तिथं वाद झाला. मास्तरांना 'सबूत साबूत नाही' असं घालायचं होतं आणि तारबाबू म्हणत होता, हे दोनदा एकच कशाला. कॉलेजचा हुकूम रद्द झाला. प्रोफेसरसाहेबांनी हळहळ कळवली आणि ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

गावानं मास्तरांना वेड्यात काढलं. मला वाटतं त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ज्या डोळ्यांना दावा दिसला होता तेच डोळे सबुतात चुकले होते. मग त्यातलं कुठलं दिसणं धरायचं? आणि ती टोकाटोकांची रेघ डोक्यात होतीच. एक दिवस मी त्यांच्या वर्गावरून गेलो तर आतून आवाज नव्हता. मास्तर खुर्चीत बसले होते. पुस्तक हातात धरून प्रमेय वाचून दाखवत होते, आधी शब्द, मग आकृती, पुस्तकात जसं होतं तसं. पोरं मुकाट उतरवून घेत होती. हेडमास्तर खूश झाले. मला मात्र तिथं थांबवेना. एवढं वाईट मला माझ्या स्वतःच्या कुठल्या दुःखात वाटलं नसेल.

घरी वहिनी हैदराबादचं नाव काढत नव्हत्या. ते नाव न निघणंच जास्त ऐकू येई. असं किती महिने चाललं असतं कोण जाणे, पण एका सकाळी वहिनींनी दारात रांगोळी काढली. वेल नाही, फूल नाही. नुसत्या वेड्यावाकड्या रेघा, एकमेकांत गुंतलेल्या. आणि नवऱ्याला हाक मारली.

"या बाहेर. चार रंगांत भागतं म्हणता ना? हे भरा. पाचवा लागला तर मला हैदराबादला न्यायचं, नोकरी सोडून न्यायचं. कबूल?"

मास्तर म्हणे पुष्कळ वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कबूल." आणि हळदीचा डबा आणायला आत पळाले. पळाले, हे वहिनींनीच मला सांगितलं. सांगताना त्या हसल्या आणि लगेच पदर डोळ्याला लावला.

मग ते रोजचंच झालं. वहिनी दिवसभर कामं करता करता मनात रेघा जुळवत. धुणं वाळत घालताना, पोळी लाटताना. एरवी आकड्यांचा कंटाळा असलेली ही बाई सकाळी असला काही चक्रव्यूह दारात मांडी की शेजारपाजारचे बघायला जमत. मास्तर उकिडवे बसून चिमटीनं रंग टाकत, पुसत, पुन्हा टाकत, आणि भरून झालं की तडक शाळेत. वर्गात ते पुन्हा फिरायला लागले. वहिनी एकदाही जिंकल्या नाहीत. "उद्या बघते," म्हणत आणि खराटा घेत.

त्यांना जिंकता येणारच नव्हतं, हे मला आत्ता, म्हातारपणी कळलं. माझी नात कॉलेजात गणित शिकते. तिनं सांगितलं की आजोबा, तो चार रंगांचा दावा परवा साबित झाला म्हणे, परदेशात, एका यंत्रानं. असंख्य नकाशे त्या यंत्रानं एकामागून एक तपासले. माणसानं ते सगळं डोळ्यांखालून घालायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. मी विचारलं, मग ते कुणाला दिसलं? ती म्हणाली, दिसलं कुणालाच नाही, पण साबित आहे. मास्तर असते तर त्यांनी अंगणात किती फेऱ्या मारल्या असत्या. आणि राधावहिनी असत्या तर त्यांना हे सांगायची माझी हिंमत झाली नसती.

रांगोळ्यांचं ते सगळं चालू असतानाच माझी परभणीला बदली झाली. त्या सकाळी वळकटी मोटारीवर चढवून मी निरोप घ्यायला त्यांच्या दारी गेलो. मास्तर उकिडवे बसलेले, समोर उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत पसरलेली रांगोळी. इतकी अवघड मी तिथं कधी पाहिली नव्हती. सगळी भरून झाली होती. मधोमध एक जागा उरली होती आणि तिच्याभोवती चारी रंग. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं.

"बोला," त्या हळूच म्हणाल्या. "आता?"

मास्तर बघत होते. मीही बघत होतो. आणि गणितातलं काहीही न कळणाऱ्या मला एकाएकी ते दिसलं. उजवीकडचं लहानसं निळं घर राखाडी केलं की झालं. मधल्या जागेला लागलेलं निळं तेवढं एकच, आणि त्याच्या शेजारी राख कुठंच नव्हती. मधल्या जागेला निळा रंग मोकळा होत होता. मी तोंड उघडणार एवढ्यात मास्तरांची नजर त्याच निळ्या घरावर गेली, क्षणभर थांबली आणि तिथून सरळ माझ्याकडं आली. त्यांनी अगदी हळू मान हलवली. नाही म्हणून.

"अवघड हाय, राधे," ते म्हणाले. "या बारीनं लई अवघड काढलंस."

वहिनींचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्या नवऱ्याशेजारी येऊन बसल्या आणि मला सांगू लागल्या की भावजी, हैदराबादला आलात की आमच्याकडंच उतरा, गच्चीवर वारं काय सुटतं संध्याकाळी. मास्तर ऐकत होते, मध्येच "हौ, हौ" म्हणत होते, आणि बोटांच्या चिमटीत राख धरून नुसते बसून राहिले होते.

मोटारीचा भोंगा वाजला. मी वळून पाहिलं तेव्हा ती चिमूट तशीच होती.